उन्हात उभी असलेली गाडी

गेल्या ऑक्टोबरमधल्या पालक दिनाला मला आणि माझ्या हाउसमधल्या दोघांना पार्किंग ड्यूटी मिळाली होती. घोडेस्वारीचा कार्यक्रम बघायला मिळणार नाही म्हणून मी थोडा नाराज होतो. काम सोपे होते. गेटमधून गाडी आली की रजिस्टरमध्ये नंबर आणि वेळ लिहायची, शिटी वाजवायची आणि गाडी रांगेत लावून घ्यायची.

सकाळी ११ वाजून २४ मिनिटांनी तिसऱ्या रांगेतल्या एका पांढऱ्या गाडीजवळ एक काकू थांबलेल्या दिसल्या. मी गेलो. मागच्या सीटवर दोनेक वर्षांचा मुलगा झोपला होता. केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद. इंजिन बंद, चारही काचा वर, फक्त एक काच बोटभर खाली. बघता बघता गाडीभोवती सात-आठ मोठी माणसे जमली. एक जण म्हणाले, "एसी चालू असेल." दुसरे म्हणाले, "आई इथंच कुठंतरी असेल, येईल." तिसऱ्यांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केले. आणि आम्ही तीन कॅडेट? आम्हीही उभेच होतो. माझ्या डोक्यात काय चालले होते ते खरे सांगतो. दुसऱ्याच्या गाडीला हात लावला आणि ओरखडा उठला तर तक्रार हाउस मास्टरांकडे जाईल, असा विचार मी करत होतो.

११:३२ ला आपले पीटीचे उस्ताद तिकडून चालले होते. त्यांनी गर्दी बाजूला केली, चारही दरवाजे आणि डिकी ओढून पाहिली, मग तळहाताने काचेवर जोरात थापा मारल्या. मुलगा हलला आणि रडायला लागला. उस्ताद आमच्याकडे वळले. "तू, माइकवर जा, गाडीचा नंबर बोल. तू, एमआय रूममधून नर्सिंग असिस्टंटला घेऊन ये. तू, शाळेच्या ट्रकमधून व्हील पाना आण." पाना आला तेव्हा त्यांनी तो हातात धरला, पण काच फोडली नाही. "रो रहा है, मतलब अभी ठीक है. चुप हो गया तो तोड़ देंगे," एवढेच म्हणाले. ११:३५ ला मुलाचे वडील धावत आले आणि दार उघडले.

मुलगा बरा होता. आईला वाटले बाळ बाबांकडे आहे, बाबांना वाटले आजीने घेतले, आणि आजी मोठ्या नातवाला बघायला पुढे निघून गेली होती. वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पाच-दहा मिनिटंच झाली." माझ्या रजिस्टरमध्ये गाडी आत आल्याची वेळ १०:५० होती. मी ती त्यांना दाखवली नाही. दाखवून काही उपयोग नव्हता. पण माझ्या डोक्यातून दुसरा आकडा जात नव्हता: ११:२४ ते ११:३२. आठ मिनिटे मी काचेच्या बाहेर उभा होतो आणि काही केले नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर ग्रंथालयात बसून या विषयाची माहिती मिळवली. हा लेख त्यातून झाला आहे.

आधी उष्णतेचे पाहू. ऊन काचेतून सहज आत येते. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सीट ते शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तू आतल्या हवेला तापवतात. मोकळ्या मैदानात अशी गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. बंद गाडीत तिला जायला वाटच नसते. शिवाय तापलेल्या वस्तूंमधून निघणारे लांब लहरींचे अवरक्त किरण काचेतून सहज बाहेर पडत नाहीत. म्हणजे आत येणारी ऊर्जा जास्त, बाहेर जाणारी कमी. फिजिक्सच्या सरांच्या गाडीत आम्ही प्रयोगशाळेतला तापमापक ठेवून पाहिला. ते आकडे इथे देत नाही, कारण "एका दिवसाच्या एका मोजमापावर लेख लिहायचा नाही," अशी सरांची ताकीद आहे. त्याऐवजी ज्यांनी नीट मोजले त्यांचे सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचे तापमान साधारण २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या १६ वेगवेगळ्या दिवशी त्यांनी बंद गाडीतले तापमान मोजले. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही पाहिले, फरक जवळजवळ पडला नाही. आपल्या पांढऱ्या गाडीची काच बोटभर खाली होती आणि जमलेल्यांपैकी एक काका त्यावरच निर्धास्त होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सावलीचाही असाच गैरसमज आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाळ्यात काही गाड्या उन्हात आणि काही सावलीत ठेवल्या. तासाभराने उन्हातल्या गाडीतली हवा सरासरी ४७ अंश आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर पोहोचला होता. सावलीतल्या गाडीत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. त्यांच्या हिशोबाप्रमाणे अशा हवेत दोन वर्षांच्या मुलाचे अंतर्गत तापमान उन्हातल्या गाडीत सुमारे एका तासात, आणि सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या थोडे पुढे, उष्माघाताच्या पातळीला पोहोचू शकते. सावलीने वेळ मिळतो, पण धोका तसाच राहतो.

उष्माघात म्हणजे काय हे कॅडेटना वेगळे सांगायला नको. क्रॉस कंट्रीच्या आधी दर वर्षी तेच लेक्चर असते. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांवर गेले की मेंदूचे काम बिघडू लागते आणि ४२ च्या आसपास जीव जाऊ शकतो. मात्र ते लेक्चर आपल्यासारख्या धावणाऱ्या मुलांसाठी असते. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीर लहान, त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त, आणि घाम येऊन थंड होण्याची क्षमता कमी. त्यात ते पट्टा सोडू शकत नाही, दार उघडू शकत नाही, "पाणी द्या" असेही सांगू शकत नाही.

कुत्र्याचे आणखी अवघड. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. पण गाडीतली हवाच गरम आणि त्याच्या श्वासाने दमट झाली की धापा टाकून काही होत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर साध्या उन्हातही श्वास घ्यायला त्रास होतो. लाळ गळणे, डोळे फिरलेले, उभे राहता न येणे ही लक्षणे दिसली तर वेळ थोडा आहे असे समजावे.

अमेरिकेत दर वर्षी सरासरी ३७ मुले अशी दगावतात. तिथे निम्म्याहून जास्त वेळा मूल गाडीत आहे हेच मोठ्यांच्या लक्षात राहिलेले नसते. हे वाचताना मला राग आला होता. पोटचे मूल कोण विसरेल? पण पालक दिनाच्या दिवशी ती आई रजिस्टरच्या टेबलाशी बसून ज्या तऱ्हेने रडत होती ते मी पाहिले आहे. निष्काळजी माणूस असा रडत नाही. डेव्हिड डायमंड नावाचे अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ याचे कारण सवयीच्या स्मृतीत शोधतात. रोजचे काम मेंदू न विचारता करतो आणि त्या दिवसापुरती ठरवलेली वेगळी गोष्ट त्याच्याखाली दबून जाते. रविवारी सुद्धा पहाटे पीटीच्या वेळेला जाग येऊन आपण बूट शोधू लागतो, त्यातलाच प्रकार. इटलीत २०१९ पासून चार वर्षांखालील मुलांच्या गाडीतल्या सीटला मूल मागे राहिल्याची सूचना देणारे उपकरण सक्तीचे आहे. ते नसले तरी मुलाशेजारी आपली पर्स किंवा मोबाइल ठेवायची सवय कुणालाही लावता येते.

आपल्या देशात मात्र मला सापडलेल्या बातम्यांचे चित्र वेगळे होते. इथे मूल बहुतेक वेळा स्वतःच गाडीत शिरलेले असते. जून २०१७ मध्ये गुरुग्रामजवळ पतौडी भागातल्या एका गावात पाच वर्षांच्या जुळ्या बहिणी आजोळी उभ्या असलेल्या गाडीत खेळताना अडकून दगावल्या. त्यांचे वडील सैन्यात होते. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले शनिवारी घरून खेळायला गेली ती परतली नाहीत. रविवारी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरमजवळ चार मुले. आणि गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातली चार मुले तर नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत गेली. तेव्हा उन्हाळा नव्हता, हे लक्षात ठेवा.

नागपूरच्या बातमीने मी बराच वेळ अस्वस्थ होतो. मूल हरवले की आपण विहीर बघतो, नाला बघतो, बसस्टँडवर माणूस पाठवतो. दारातली गाडी बघायचे सुचत नाही, कारण ती बंद असते आणि "बंद आहे म्हणजे आत कोणी नाही" असे आपण धरून चालतो. मूल दिसेनासे झाले तर आधी आसपासच्या सगळ्या गाड्या, त्यांच्या डिक्या आणि पाण्याच्या जागा पाहायच्या, बाकी शोध नंतर. गाडीची दारे आतून का उघडत नाहीत, तर मागच्या दारांना बहुधा चाइल्ड लॉक लावलेले असते, पुढच्या सीटवर चढून कुलूप काढायचे त्या वयाच्या मुलाला कळत नाही, आणि गरमीत थोड्याच वेळात अंगातले त्राण जाते. म्हणून घरासमोर उभी असलेली गाडीही कुलूपबंद हवी आणि किल्ली मुलांच्या हाताला लागू नये.

आता पुन्हा त्या आठ मिनिटांकडे येतो. गर्दीत माणसे का थिजतात यावर १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के मुलांनी उठून बाहेर सांगितले. पण सोबत दोन माणसे अशी बसवली की जी धुराकडे मुद्दाम दुर्लक्ष करत होती, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. ते भित्रे नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ठरवले की फारसे काही नसावे. आम्ही नेमके हेच केले होते. काकू माझ्याकडे बघत होत्या, कारण मी युनिफॉर्ममध्ये होतो. मी काकांकडे बघत होतो, कारण ते मोठे होते.

उस्तादांनी काय वेगळे केले ते मला हे वाचल्यावर समजले. त्यांनी "कोणीतरी जा" असे म्हटले नाही. बोट दाखवून "तू" म्हटले. परेड ग्राउंडवर आपण रोज हेच शिकतो आणि पार्किंगमध्ये विसरतो. रस्त्यावर कोणाचे नाव माहीत नसते, पण "निळा शर्टवाले दादा, तुम्ही ११२ लावा" असे म्हणता येते. एकदा एक माणूस हलला की बाकीचे हलतात.

पुढे काय करायचे हे सगळे मूल कसे आहे यावर ठरते. काचेवर जोरात थापा माराव्यात. झोपलेले मूल जागे होते. जागे असेल, रडत असेल, आपल्याकडे बघत असेल तर मालकाला शोधायला आणि मदत यायला थोडा वेळ आहे. तेवढ्या वेळात ११२ ला फोन, माइकवर घोषणा, दरवाजे ओढून पाहणे, आणि एका माणसाने मुलावरची नजर अजिबात न काढणे. मूल थापांना दाद देत नसेल, मान टाकलेली असेल, उलटी झालेली असेल किंवा झटके येत असतील तर वाट पाहायची नाही. आपण त्याला आता पाहिले असले तरी ते आत कधीपासून आहे हे आपल्याला माहीत नसते. आमच्याकडे रजिस्टर होते, रस्त्यावर ते नसते.

काच फोडायची तर पुढची मोठी काच सोडून द्यावी. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण पडत नाही. बाजूची काच बहुतेक गाड्यांत टफन केलेली असते, ती फुटली की बारीक खडे होऊन पडते. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडावी आणि तिच्या मध्यावर न मारता कोपऱ्याजवळ मारावे. व्हील पान्याचे टोक, हातोडी, टोकदार जड दगड असे काहीही चालते. हाताला जाड कापड गुंडाळावे, तोंड बाजूला करावे. बुक्की मारू नये, काच राहते आणि हात मोडतो. आपल्यासारख्या मुलांनी शक्यतो शेजारच्या मोठ्या माणसाला पुढे करावे, असे उस्तादांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. पण मोठे माणूस नसेल तर काय, हे मी त्यांना विचारले. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

बाहेर काढल्यावर सावलीत न्यावे, कपडे सैल करावे किंवा काढावे, अंगावर पाणी ओतून किंवा ओला कपडा फिरवून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. कुत्र्यालाही हीच पद्धत, फक्त पुढे जनावरांचा डॉक्टर.

राहिला प्रश्न माझ्या त्या भीतीचा, तक्रारीचा. माझे मामा साताऱ्याला वकिली करतात. दिवाळीत त्यांना विचारले तर ते फराळाचे ताट बाजूला ठेवून अर्धा तास बोलले. त्यातले मला समजले ते असे. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०१४ मध्ये पहिल्यांदा, मुलाला वाचवायला गाडीची काच फोडणाऱ्याला नुकसानभरपाईतून सूट देणारा कायदा केला आणि २०१५ मध्ये त्यात जनावरांचीही भर घातली. फ्लोरिडाने २०१६ मध्ये केला. त्यात अटी आहेत. आधी गाडी खरोखर बंद आहे ना ते पाहायचे, धोका आहे असे वाटायला सबळ कारण हवे, पोलिसांना आधी किंवा लगेच नंतर कळवायचे, गरजेपुरतीच ताकद वापरायची आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबायचे.

आपल्याकडे काचेसाठी असा वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते अपघातातल्या जखमींसाठी आहे. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १९ वे कलम आहे. माणसाला किंवा मालमत्तेला होणारे दुसरे नुकसान टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेने केलेले कृत्य केवळ त्यातून नुकसान होईल हे माहीत होते म्हणून गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हेच ८१ वे कलम होते आणि तिथे उदाहरण होते मोठ्या आगीचे. आग पसरू नये म्हणून घरे पाडणारा माणूस गुन्हेगार नसतो. मामा म्हणाले, "पण सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे रे. कायद्यात त्याचा अर्थ योग्य काळजी घेऊन, असा आहे. तू दार ओढून न पाहता काच फोडलीस तर मी तुझं वकीलपत्र घेणार नाही." मग हसून म्हणाले की कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालकाची मालमत्ता आणि काचही मालकाचीच, त्यामुळे तू त्याचेच नुकसान वाचवायला त्याचेच थोडे नुकसान करतोस.

त्याच दिवाळीत आजोबांची गाडी अंगणात उभी होती आणि माझी मामेबहीण, वय वर्षे पाच, लपंडावात तिच्यात लपायला निघाली होती. तिला मी रागावलो नाही. पुढच्या सीटवर बसवले आणि अडकलीस तर इथे दाबायचे म्हणून हॉर्न दाखवला. बहुतेक गाड्यांचा हॉर्न किल्ली नसतानाही वाजतो, पण आपल्या गाडीचा वाजतो का ते घरच्यांनी एकदा पाहून ठेवावे. आजोबांच्या गाडीचा वाजतो. तिने दोन्ही हातांनी जोर लावून तो इतका वेळ वाजवला की शेजारचे काका भिंतीवरून डोकावले, आणि आजोबा काठी घेऊन बाहेर आले ते मलाच शोधत.